व्हिडिओचे काम आणि कराराचा कागद
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आपली काही मुले-मुली नोकरी न धरता व्हिडिओ-निर्मितीचे काम स्वतंत्रपणे करू लागली आहेत. कॅमेरा त्यांना उत्तम येतो. ग्राहकाशी ठरवाठरव मात्र जमत नाही, आणि त्याला घरातला संकोचही कारण आहे. "चाचांचेच काम, त्यांच्याकडे कागद कसला मागतोस?" असे मुलाला सांगितले जाते. पुढे चाचा चारदा एडिटिंग बदलून मागतात, पैसे लांबतात आणि नात्यात अढी बसते.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही चालतो. पण तो सिद्ध कसा करणार? म्हणून बोलणे झाले त्याच दिवशी ठरलेले सारे ई-मेलने कळवून ग्राहकाचा होकार मागवावा. शूटिंगचे दिवस, व्हिडिओची लांबी, दुरुस्तीच्या फेऱ्या किती आणि त्यापुढील फेरीचा दर, हे त्यात यावे. निम्मी रक्कम हाती आल्याखेरीज कॅमेरा पिशवीतून काढूच नये, असे माझे मत आहे. काम रद्द झाल्यास त्या रकमेचे काय, हेही तेव्हाच ठरवावे. नंतर विषय काढणे जड जाते.

सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हक्काचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कुणी फिल्म करवून घेतली, तर उलट करार नसल्यास तिचा पहिला मालक करवून घेणाराच असतो. तेव्हा कामाचा नमुना म्हणून दोन मिनिटे इतरांना दाखवायची असली, तरी तशी परवानगी लिहून घ्यावी. कच्चे शूटिंग द्यायचे की नाही, किती महिने सांभाळायचे, यावरूनही तंटे होतात. लग्नाच्या कामात मात्र घरातील स्त्रियांचे चित्रण कुठे दाखवू नका, असे कुणी म्हटले, तर ते आनंदाने मान्य करावे. त्यासाठी जादा दर मागण्यात शोभा नाही.

आणि पैसे थकले तर? २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे, लेखी मुदत कितीही घातली तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी मुदत नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी, आणि ती काम घेण्यापूर्वीच करावी. आधार व पॅन लागते, शुल्क नाही. फॉर्म भरताना अडत असेल, त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे यावे. मी इथेच थांबलो आहे.