ऐकायला वेळ हवा, वाचायला जागा हवी
(शहापूर-मुरबाड भागातल्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मला इंग्रजीच्या परीक्षेबद्दल बोलायचं आहे. संघटनेनं पाणी, रेशन, मारहाण यांवर बोलावं, इंग्रजीचं कॉलेजवाले बघतील, असं कुणाला वाटेल. पण आपल्या मुलींचं शिक्षण नेमकं कुठे तुटतं ते पाहा. बारावीला किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी राहिलं, की मुलगा पुन्हा परीक्षेला बसतो. मुलीसाठी मात्र स्थळं बघायला सुरुवात होते.

सावित्रीबाईंनी १८५४ साली 'काव्यफुले'मधून इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. आनंदीबाई जोशी यांचं माहेर आपल्या शेजारच्या कल्याणचं. त्या १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. आता आपल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही आपल्या मुली कॉलेजात ऐकण्याच्या चाचणीला घाबरतात. कारण शाळेत त्यांचं इंग्रजी फळ्यावरून वहीत उतरलं, कानावर फारसं पडलंच नाही. छापलेली ओळ पुन्हा वाचता येते, ऐकलेलं वाक्य निघून जातं. परदेशी जाणाऱ्या नर्सेस 'आयईएलटीएस' ही परीक्षा देतात. तिच्यात ध्वनिफीत एकदाच ऐकवतात आणि साधारण अर्ध्या तासात ४० प्रश्न सोडवायचे असतात.

याची तयारी गटात करता येते. एकीनं पाठ्यपुस्तकातला उतारा मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी पुस्तकं मिटून ऐकावं. पहिल्यांदा विषय काय एवढंच सांगायचं. दुसऱ्यांदा नावं, आकडे, वार, वेळ टिपायची. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांतला फरक कानालाच शिकवावा लागतो. तिसऱ्यांदा पुस्तक उघडून काय निसटलं ते शोधायचं. पण एकमेकींचेच उच्चार ऐकून भागणार नाही. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या ऐका. आसनगाव स्टेशनवर एकच सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते. मराठीतली आधी समजते, म्हणून इंग्रजीतली पकडता येते. मुरबाडच्या मुली एसटीनं येतात-जातात, त्यांना तेवढंही मिळत नाही. त्यांच्या गटाला फोन आणि रेकॉर्ड केलेले उतारे मिळवून द्यावे लागतील.

वाचनाच्या परीक्षेत आधी प्रश्न वाचावेत, मग उतारा. प्रत्येक अडलेल्या शब्दापाशी थांबू नये. वाक्य पुरं करावं, बरेचदा पुढच्या ओळीत अर्थ उघडतो. आणि घड्याळ लावून वाचावं, कारण परीक्षेत वेळच कमी पडतो.

हे सगळं मुलींना जमेल. प्रश्न आहे तो रोजच्या एका तासाचा. तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. परीक्षेचे दिवस नेमके तेच. हंडे मुलीनं आणायचे, भाकऱ्या मुलीनं थापायच्या, धाकट्याला तिनंच सांभाळायचं. घरातला फोन भावाच्या हातात, आणि तिनं कानाला लावला की "कुणाशी बोलतेस?" अशी चौकशी. ऐकण्याची परीक्षा द्यायची आणि घरात ऐकायची मुभा नाही!

म्हणून गावोगावच्या मंडळांनी तीन कामं अंगावर घ्यावीत. परीक्षेआधीचे दोन महिने मुलीचा संध्याकाळचा एक तास मोकळा ठेवायला घरच्यांशी बोलावं. त्या वेळेचं पाणी भाऊ आणील. समाजमंदिर किंवा अंगणवाडीची खोली त्या तासासाठी मागून घ्यावी, म्हणजे मुली एकत्र बसतील आणि फोनवरचा संशयही राहणार नाही. आणि सरावाचा तास संपल्यावर घरी जायला एसटी मिळावी म्हणून कॉलेज आणि आगार, दोघांकडे अर्ज द्यावा. अर्जावर मुलींच्या सह्या हव्यात, पण त्यांच्या आयांच्याही हव्यात. ज्या आईला सही येत नाही, तिला ती आधी तिच्या लेकीनं शिकवावी.