व्यायाम कशासाठीं ?



चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याहि सुशिक्षित गृहस्थास ‘व्यायाम करावा कीं करूं नये ?’ असें विचारून पाहा. करावा, असेंच उत्तर येईल. घरच्या माणसांपासून डॉक्टरांपर्यंत सर्वांनीं तें त्यास ऐकविलेलें असतें. असें असूनहि, जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनीं इतरांच्या सहकार्यानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, भारतांतील जवळजवळ निम्मीं प्रौढ माणसें शरीरास पुरेशी हालचाल करीत नाहींत असें आढळून आलें. पुरुषांपेक्षां स्त्रियांत हें प्रमाण अधिक आहे. आणि पुरेशी म्हणजे तरी किती ? आठवड्यास दीडशें मिनिटें झपाट्यानें चालण्याइतकी. पांच दिवस रोज अर्धा तास! तेव्हां उणीव ज्ञानाची नाहीं. ज्ञान असूनहि पाय उंबरठ्याबाहेर कां पडत नाहींत, याचा आज विचार करूं.

माझें वास्तव्य पालघर-बोईसर भागांतलें. तारापूरच्या कारखान्यांत पाळ्या करणारे कामगार, डहाणू-विरार लोकलनें मुंबई गांठणारे नोकरदार आणि पहाटे उठून त्यांचे डबे भरणाऱ्या गृहिणी, अशांची ही वस्ती. येथें ‘वेळ नाहीं’ ही सबब सर्वस्वी खोटी म्हणतां येणार नाहीं. रात्रपाळी करून आलेल्या माणसास पहाटेच्या हवेचें माहात्म्य सांगणें हा निव्वळ क्रूरपणा होय. परंतु ज्यांना वेळ आहे त्यांची कथा तरी कोठें निराळी आहे ? रक्तांतील साखर वाढल्याचा कागद हातीं येतो, नवे बूट घरांत येतात, पंधरा दिवस फिरणें होतें. पुढें साखर जराशी उतरते, तिच्याबरोबर भीतीहि उतरते आणि बूट कपाटांत जातात. भीतीचा गुण असाच आहे. परीक्षेच्या धाकानें केलेलें पाठांतर परीक्षेनंतर किती दिवस टिकतें, हें तीस-पस्तीस वर्षें वर्गांत उभ्या राहिलेल्या शिक्षकास वेगळें सांगावयास नको.

आतां याच्या उलट एक उदाहरण पाहा. विनोबा भावे १९५१ सालच्या मार्च महिन्यांत वर्ध्याजवळच्या पवनार येथून पायीं निघाले आणि सुमारें तीनशें मैल चालून हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनास पोंचले. वय पंचावन्न, प्रकृति तोळामासा आणि पोटांतील व्रणाचा जुना विकार. पुढें १८ एप्रिल रोजीं पोचमपल्ली येथें भूमिहीनांसाठीं त्यांना पहिली जमीन मिळाली, आणि तेथून जी पदयात्रा सुरू झाली ती सुमारें तेरा वर्षें चालली. कोणा वैद्यानें पंचावन्नाव्या वर्षीं त्यांना इतकें चालावयास सांगितलें असतें, तर त्यांनीं तें ऐकलें असतें काय ?

दुसरें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांतलें. ताराबाई मोडक १९४५ सालीं बालशिक्षणाचें कार्य घेऊन बोर्डीस आल्या, तेव्हां त्यांचें वय त्रेपन्न होतें. शहरांत नांवलौकिक मिळाला होता. विसावा घेतला असता तर कोणी नांवें ठेविलीं नसतीं. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनेंच त्याच्या अंगणांत जावें, या विचारांतून त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं अंगणवाडी चालविली, आणि पुढें कोसबादला गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा. ज्या शिक्षणांत मुलानें नव्हे तर शिक्षिकेनें चालत जावयाचें असतें, त्यांत पायांना विसावा कोठचा !

‘ते थोर, आम्ही पडलों संसारी,’ असें येथें कोणी म्हणेल. परंतु सामान्य माणसांतहि हाच नियम दिसतो. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या मिशेल सेगर यांनीं चाळीस ते साठ वयाच्या स्त्रियांचा अभ्यास करून तो २०११ सालीं प्रसिद्ध केला. प्रकृतीसाठीं किंवा म्हातारपण निरोगी जावें म्हणून व्यायाम करणाऱ्या स्त्रियांपेक्षां, रोजचें जगणें अधिक चांगलें व्हावें या हेतूनें करणाऱ्यांच्या हातून तो अधिक घडत होता. २०२१ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासांत, त्याच देशांतील हजारों मध्यमवयीन व वृद्ध माणसांची माहिती तपासली गेली. आपल्या आयुष्यास कांहीं हेतु आहे असें ज्यांना वाटे, त्यांची हालचाल पुढील वर्षांत अधिक राहिली. आणि जीं माणसें हालचाल करीत, त्यांची हेतूची जाणीवहि पुढें अधिक असल्याचें दिसलें.

तथापि येथें एक मोठा धोका आहे. देह आणि कर्तव्य यांचें वैर मानण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. ‘मुलांसाठीं झिजलों’ हें आपण भूषण म्हणून सांगतों. आई अर्धा तास फिरावयास गेली तर घराचा वेळ चोरल्यासारखें तिलाच वाटतें. चंदन झिजून उपयोगी पडतें हें खरें. परंतु माणूस झिजून अंथरुणास खिळला म्हणजे ज्यांच्यासाठीं तो झिजला त्यांच्यावरच त्याचा भार पडतो. मुलांच्या शिक्षणासाठीं रात्रंदिवस राबणाऱ्या बापास ऐन पन्नाशींत अर्धांगवायूचा झटका आला म्हणजे त्या शिक्षणाचें काय होतें, हें मीं वर्गांतल्या रिकाम्या बांकांवर पाहिलें आहे. व्यायामानें असे सारे आघात टळतील असें नाहीं. पण त्यांचा संभव कमी होतो, हें वैद्यकशास्त्र निश्चितपणें सांगतें. म्हणून तो अर्धा तास संसारांतून चोरलेला नसून संसारासाठींच घातलेला आहे, असें समजावें.

मग करावें काय ? एका कागदावर एकच वाक्य लिहावें : पुढील वीस वर्षें मला कोणासाठीं आणि कशासाठीं हिंडतें-फिरतें राहावयाचें आहे ? उत्तर मोठें असण्याची गरज नाहीं. मात्र तें आपलें असावें, आणि त्यावरूनच व्यायाम निवडावा. नातवंडांबरोबर जमिनीवर बसून खेळावयाचें असेल तर मांड्यांत बळ हवें. त्यासाठीं हातांचा आधार न घेतां खुर्चीवरून रोज दहा वेळां उठावें. आळंदीहून पंढरीची वारी करावयाची असेल तर तो सुमारें अडीचशें किलोमीटरांचा पल्ला आहे. आषाढाची वाट न पाहतां कार्तिकापासूनच चालूं लागावें. मुलांना बोईसरजवळचा आसावा गड दाखवावयाचा असेल तर घरच्या जिन्यापासून आरंभ करावा. हेतु केवढाहि थोर असो, त्यास रोजची वेळ आणि वाट नेमून दिली नाहीं तर तो कागदावरच राहतो. रात्रपाळीवाल्यानें झोप पुरी करून सायंकाळीं निघावें. गृहिणीच्या अर्ध्या तासांत घरच्यांनीं डबा भरावा. छातींत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा जुना विकार असेल तर आधीं डॉक्टरांस विचारावें.

आणि ज्यांना असा हेतु सुचतच नसेल ? मुलें परगांवीं, नोकरी संपलेली, अशीं माणसें आज थोडीं नाहींत. त्यांनीं हेतूची वाट पाहत बसूं नये. शेजारीं कोणी आजारी असेल, त्याचें औषध आणावयास पायीं जावें. उद्यां पुन्हां जावें. कोणी तरी आपली वाट पाहत आहे, एवढें कळलें म्हणजे बूट कपाटांत राहत नाहींत.