निळ्या रेघेवरचा गडी



अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना 'कवी' हा शब्द दोनदा वापरला आणि 'गोदी कामगार' एकदा. उलटं केलं असतं तर चाललं असतं. कविता मी रविवारी लिहितो, बाकीचे सहा दिवस हातात हुक असतो.

आज मी कवितेवर बोलणार नाही. मी एका आइस हॉकी खेळाडूवर बोलणार आहे. हसा, हसून घ्या. मीसुद्धा हसलो होतो. मागं कॅनडाहून वाटाण्याचं जहाज लागलं होतं. खलाशांनी केबिनी साफ केल्या आणि जुन्या पुस्तकांचा एक खोका धक्क्यावर आणून टाकला. लोकांनी चित्रांची मासिकं उचलली. माझ्या वाट्याला एक जाड पुस्तक आलं. विल्यम ब्राउन नावाच्या माणसानं २००२ साली लिहिलेलं, नाव नुसतं 'डग'. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायला चार महिने गेले.

का वाचलं, तेपण सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, ह्याला आता बर्फ चढलाय. आमच्या ठेकेदाराकडं आम्ही एकतीस जण. सगळ्यांनी युनियनचा फॉर्म भरला. पंधरवड्यात एकवीस जणांनी मागं घेतला. त्या एकविसांत मी आहे. हे बोलायला जीभ जड होते, पण खोटं बोलायला इथं आलो नाही.

आता खेळ समजून घ्या. आपल्याकडं लडाखात खेळतात, पण आपण कधी बघितलाय? दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद बर्फाची लादी. भोवती फळ्यांची भिंत. पायात धारदार स्केट्स. चेंडू नाही, रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. इंचभर जाड, तीन इंच रुंद, मॅचच्या आधी गोठवून दगडासारखी केलेली. एका बाजूला सहा गडी : एक गोली, तीन फॉरवर्ड आणि दोन बचावाचे. मैदानाला आडव्या दोन निळ्या रेघा. बचाववाल्याचं सगळं आयुष्य ह्या रेघांभोवती जातं. गोल करणाऱ्याचा फोटो पेपरात येतो. अंगावर पक घेणाऱ्याचा येत नाही. आणि त्या काळी डोक्याला हेल्मेट नव्हतं, हेही ध्यानात ठेवा.

डग हार्वे, १९२४ साली माँट्रियलला जन्मलेला. अंगानं दांडगा. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या नौदलात होता. बेसबॉलही खेळला, पैसे घेऊन खेळला. १९४७ मध्ये माँट्रियल कॅनेडियन्स ह्या क्लबात आला. आणि सुरुवातीला आपल्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. कशासाठी? तर हा आळशी आहे, पळत नाही!

खरंच पळत नव्हता. पक घेऊन आपल्याच गोलसमोर उभा राहायचा. समोरून गडी धावत अंगावर यायचे, प्रेक्षकांचा जीव टांगणीला, आणि हा बघत राहायचा. ते अगदी जवळ आले की हळूच पक पुढं द्यायचा. जे अंगावर आले ते मागं राहायचे आणि याचे फॉरवर्ड मोकळ्या बर्फावर सुटायचे. आमच्यात जो हॅचच्या तोंडाशी उभा राहून विंचवाल्याला हात करतो त्याला बघा. तो एक पोतं उचलत नाही. पण वर किती चढायचं, कधी थांबायचं, खाली माणूस चेंगरणार की वाचणार, सगळं त्याच्या पंजात असतं. सामन्याची गती हार्वेच्या पंजात होती. पाहिजे तेव्हा संथ, पाहिजे तेव्हा जोरात. आकडेच बघा : नॅशनल हॉकी लीगमध्ये १११३ सामने, गोल अवघे ८८, आणि दुसऱ्याच्या गोलाला हात लावला असे ४५२.

त्यानं नियम बदलायला लावला. कुणी आडदांडपणा केला तर त्याला दोन मिनिटं बाहेर बसवतात, समोरच्यांना एक गडी जास्त मिळतो. पूर्वी कितीही गोल झाले तरी तो गडी दोन्ही मिनिटं बाहेरच. माँट्रियलचे लोक अशा वेळी कहर करायचे. निळ्या रेघेवर हार्वे उभा, पुढं बेलिव्हो, रिशार. १९५५ च्या नोव्हेंबरात जाँ बेलिव्होनं बॉस्टनविरुद्ध ४४ सेकंदांत तीन गोल मारले. १९५६ मध्ये लीगनं नियम केला : एक गोल झाला की बाहेरचा गडी परत आत. एका क्लबाचा खेळ आवरत नाही म्हणून कायदा बदलला. तुम्हाला-मला ह्यात नवल वाटायला नको.

देव करू नका त्याला. १९५६ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रेड सुलिव्हनच्या पोटात त्यानं स्टिक खुपसली. प्लीहा फाटली. पाद्री येऊन अखेरची प्रार्थना म्हणून गेला, इतका तो माणूस मरणाच्या दारात गेला होता. वाचला नशिबानं. सुलिव्हन मागून पाय उडवतो असा हार्वेचा राग होता. राग असेल, पण हे कृत्य ते कृत्यच. आणि १९५४ ची फायनल. सातवा सामना, जादा वेळ, डेट्रॉइटच्या टोनी लेस्विकनं लांबून पक उडवला, हार्वेनं हातमोज्यानं अडवायला हात वर केला आणि मोज्याला लागून पक आपल्याच जाळ्यात! वर्षभराची मेहनत गेली. बचाववाल्याच्या धंद्यात हेच असतं. शंभर वेळा अडवलं ते कुणी मोजत नाही.

तरी स्टॅन्ली कप त्यानं सहा वेळा उचलला. १९५३ ला एकदा आणि १९५६ पासून १९६० पर्यंत ओळीनं पाच. लीगमधल्या सगळ्यात चांगल्या बचाववाल्याला नॉरिस ट्रॉफी देतात. १९५५ ते १९६२ ह्या आठ वर्षांत ती हार्वेनं सात वेळा घेतली. मधलं एक वर्ष गेलं तेही त्याच्याच क्लबातल्या टॉम जॉन्सनकडं.

नॉरिस हे नाव लक्षात ठेवा. नॉरिस म्हणजे डेट्रॉइट क्लबचं मालक घराणं. म्हाताऱ्याच्या नावानं त्याच्या पोरांनी ट्रॉफी ठेवली.

आता मूळ गोष्टीवर येतो. तेव्हा लीगमध्ये सहाच क्लब. माँट्रियल, टोरोंटो, बॉस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट, शिकागो. म्हणजे जागा शेसव्वाशे, आणि खालच्या लीगांत शेकडो पोरं नंबर लागायची वाट बघत उभी. तू नाही तर दुसरा. आमच्या फाटकावर रोज सकाळी हेच असतं. करारात कलम असं, की सही केली की मालक सोडत नाही तोवर गडी त्या क्लबाचा. दुसरीकडं जाता येत नाही, मालकाला मात्र पाहिजे तेव्हा विकता येतं. उन्हाळ्यात खेळ बंद, तेव्हा यातले बरेच जण दुसरी नोकरी करत. म्हातारपणासाठी पेन्शनचा फंड होता. त्यात गड्यानं वर्षाला स्वतःचे ९०० डॉलर घालायचे. फंडात किती जमले, कुठं गुंतवले, विचारायचं नाही. डेट्रॉइटचा टेड लिंडसे त्या पेन्शनच्या मंडळावर होता. त्यानं हिशोब मागितला. दिला नाही.

एवढंच झालं. हिशोब मागितला, दिला नाही. जगातल्या निम्म्या संघटना इथूनच निघाल्या असतील.

लिंडसे आणि हार्वे बर्फावर एकमेकांचे दुश्मन. त्या काळी दुसऱ्या क्लबाच्या गड्याशी बोलायचीसुद्धा चोरी. तरी दोघं बोलले. बेसबॉलवाल्यांचे वकील गाठले. फेब्रुवारी १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना जाहीर झाली. अध्यक्ष लिंडसे, उपाध्यक्ष हार्वे. बरोबर बॉस्टनचा फर्नी फ्लामन, शिकागोचा गस मॉर्टसन, टोरोंटोचा जिमी थॉमसन, न्यूयॉर्कचा बिल गॅड्सबी. पुस्तक वाचताना मी इथं थांबलो आणि नावं परत तपासली. सहा जणांत लिंडसे तेवढा फॉरवर्ड. बाकीचे पाचही बचाववाले! ज्याला मागून अख्खं मैदान दिसतं, त्यालाच मालकाचा डाव आधी दिसला असणार.

मालकांनी काय केलं? जे करतात ते. त्याच जुलैत लिंडसेला डेट्रॉइटमधून उचलून शिकागोला टाकला. नुकत्याच संपलेल्या मोसमात त्याचे ८५ गुण होते, त्याच्या आयुष्यातला सगळ्यात जास्त आकडा. चांगला खेळतो ह्याला काही किंमत नाही. शिकागो तेव्हा लीगमधला पडका क्लब, आणि त्याच्या मालकांत कोण? दुसरा नॉरिस, सावत्र भाऊ. थॉमसनलाही टोरोंटोनं शिकागोलाच विकलं. डेट्रॉइटच्या मॅनेजरनं आपल्या पगाराचा फुगवलेला खोटा करार पत्रकारांना दाखवला, असं लिंडसे पुढं सांगत असे. म्हणजे बघा, इतका पगार घेतो आणि वर संघटना करतो! हा प्रकार आम्हाला नवा नाही. आमच्यातल्या एकानं ओव्हरटाइमचं विचारलं, तर मुकादम चहाच्या टपरीवर सांगत फिरला की त्यानं गावाकडं स्लॅबचं घर बांधलंय.

नोव्हेंबरात डेट्रॉइटच्या खेळाडूंनी अंग काढून घेतलं. लिंडसेच्याच जुन्या सोबत्यांनी. मागोमाग माँट्रियलवाल्यांनी. हार्वेच्या डोळ्यांसमोर त्याची माणसं निघून गेली. ज्यांना तो रोज पक देत होता, ज्यांच्या पुढं स्वतःचं अंग घालत होता ती.

हे पान मी रात्री वाचलं आणि पुस्तक मिटलं. त्या लोकांना शिव्या द्यायला माझं तोंड उघडेना. त्यांना घर होतं, पोरं होती, खालच्या लीगमध्ये आपल्या जागेवर कोण टपलाय ते नावानिशी माहीत होतं. मला मुकादमानं फक्त विचारलं होतं, "काय रे, आईचं ऑपरेशन कधी आहे?" धमकी नाही, काही नाही. मायेनं विचारावं तसं विचारलं. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म परत घेतला.

फेब्रुवारी १९५८ मध्ये तडजोड झाली. कमीत कमी पगार ७००० डॉलर, पेन्शनमध्ये वाढ, सरावाच्या सामन्यांवर मर्यादा. संघटना मात्र संपली. म्हणजे अगदीच फुकट गेलं नाही. मोडलेल्या संघटनेनंही काही पदरात टाकलं, हे आमच्या एकविसांपैकी कुणी बोलत नाही.

हार्वेला मात्र लगेच हात लावला नाही. तो फार कामाचा होता. ओळीनं कप येत होते. १९६० मध्ये तो कॅप्टन झाला. १९६१ च्या वसंतात माँट्रियल हरलं आणि जूनमध्ये, पुन्हा नॉरिस ट्रॉफी घेतलेल्या ह्या माणसाला न्यूयॉर्कला देऊन टाकलं. संघटनेचा सूड, असं हार्वे म्हणत राहिला. क्लब ते मानत नव्हता. चार वर्षं मध्ये गेली होती हे खरं, पण मालकाची वही चार वर्षांत जुनी होत नाही. त्याच्या बदल्यात जो आला तो लू फॉन्टिनाटो, तोही बचाववाला. १९६३ मध्ये माँट्रियलच्याच फळ्यांवर आदळून त्याची मान मोडली. खेळ संपला.

न्यूयॉर्कला हार्वे खेळायचा आणि कोचही होता. पहिल्याच वर्षी, १९६२ ला, तो रखडलेला क्लब प्लेऑफमध्ये नेला आणि सातवी ट्रॉफी घेतली. मग कोचपद सोडून दिलं. पोरांबरोबर बसता येत नाही म्हणून! मुकादम व्हायचं नव्हतं त्याला. मला हा माणूस इथं सगळ्यात जास्त आवडला, आणि इथंच त्याची दारूही वाढलेली दिसते. दोन्ही एकाच ठिकाणी.

पुढं खालच्या लीगा. क्वेबेक, बाल्टिमोर, पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी. चाळिशी उलटलेला माणूस बसनं फिरतोय. १९६८ मध्ये सेंट लुइसनं ऐन प्लेऑफमध्ये बोलावलं आणि फायनल कुणाशी? माँट्रियलशी. हरले. १९६९ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, स्केट्स काढले.

१९७३ मध्ये हॉल ऑफ फेमचा सन्मान झाला. हा गेलाच नाही, मासे धरायला गेला म्हणतात. दारू होतीच, मनाचा आजारही होता. कधी आभाळात, कधी खड्ड्यात. पुढं ओटावाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर तो कामाला होता आणि एका जुन्या रेल्वेच्या डब्यात राहत होता. पंतप्रधान डिफेनबेकर प्रचाराला वापरायचे तो डबा. लोकांनी ह्याच्या करुण कथा लिहिल्या. मला तेवढं करुण वाटत नाही. डब्यात राहणारी माणसं आपण बघितलीयत.

१९८५ च्या ऑक्टोबरात माँट्रियलनं त्याचा २ नंबर कायमचा टांगला, क्लबात काम दिलं. २६ डिसेंबर १९८९ ला लिव्हर सुकून तो मेला. वय पासष्ट.

आणि तो पेन्शनचा फंड? पुढं खेळाडू कोर्टात गेले. पुढारी कोण, तर कार्ल ब्रूअर, टोरोंटोचा जुना बचाववाला! १९९२ मध्ये ऑन्टारिओच्या कोर्टानं निकाल दिला : फंडातली शिल्लक खेळाडूंची आहे, क्लबांनी वापरली ती चूक. रक्कम ४ कोटी डॉलरच्या आसपास. हार्वेला जाऊन तोवर तीन वर्षं होत आली होती. मधल्या काळात १९६७ ला नवी संघटना उभी राहिली होती. तिच्या पुढाऱ्यानं, ॲलन ईगलसननं, लबाडी केली म्हणून १९९८ ला त्याला तुरुंगात जावं लागलं. तेही सांगितलं पाहिजे. संघटना म्हणजे सोवळं नव्हे, तिचाही हिशोब मागावा लागतो.

पुस्तक पिशवीत आहे. ज्याला पाहिजे त्यानं न्यावं, परत आणावं, पानं दुमडू नयेत. आईचं ऑपरेशन झालंय, बरी आहे. आमचे दहा जण अजून टिकून आहेत. दर सोमवारी शिफ्टच्या आधी ते फाटकाबाहेरच्या टपरीवर जमतात. कोरा फॉर्म मी आणलाय, अजून भरलेला नाही. परवा सोमवार आहे. तुमच्यापैकी दोघं-तिघं आमच्याच गोदीत आहेत. सकाळी सातला टपरीवर या, आणि मी आलोय का बघा.