चूल, मोळी आणि श्रावकाचा आचार





गॅसची शेगडी घरोघरी येण्यापूर्वी जैन स्वयंपाकघरात एक नेम कटाक्षाने पाळला जाई. सरपण चुलीत सारण्याआधी झटकून, पूंजणीने हळुवार झाडून घेतले जाई. लाकडाच्या भेगेत मुंगी वा वाळवी दडलेली असल्यास तिला अलगद बाजूस केले जाई. आज बहुतेक घरांतील पूंजणीला काम उरलेले नाही, कारण चूलच उरलेली नाही.

ती चूल अन्यत्र मात्र विझलेली नाही. शीळफाट्यावर अहोरात्र वाहनांची रीघ असते; परंतु एका अंगाला पारसिकचा डोंगर आणि पूर्वेला मलंगगडाची रांग आहे. त्या रांगेच्या पायथ्याशी असलेल्या ठाकूर-कातकरी वाड्यांत सरपणाची मोळी हे अजूनही स्त्रीच्या दिनक्रमाचे अंग आहे. सन 2011 च्या जनगणनेत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी 62.5 टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी जळाऊ लाकूड वापरीत होती. सन 2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर चित्र पालटू लागले. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधन वापरणारी ग्रामीण कुटुंबे सुमारे 43 टक्केच आढळली. सिलिंडर घरात येतो, पण तो भरून घेण्यास एकरकमी पैसे लागतात आणि मजुरी रोजची असते. म्हणून चहा गॅसवर, तर भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी होते. पाण्याला लागणारे सरपण थोडेथोडके नसते, हे ज्यांच्या घरी बंब होता त्यांना सांगावयास नको.

तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा अगदी थोडा अंश भांड्यास मिळतो. अर्धवट जळालेल्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड आणि अतिसूक्ष्म काजळी निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात घरातील अशा धुरामुळे जगभरात सुमारे 32 लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील बालके 2 लाख 37 हजारांहून अधिक होती. लाकडावरील मुंगीला पूंजणी होती. फुंकणी फुंकणाऱ्या बाईच्या फुफ्फुसाला कोणती?

मग डोंगर बोडके झाले ते मोळीवालीमुळेच काय? सन 1975 च्या सुमारास जगभर असेच मानले जाई. पुढील अभ्यासांनी दाखविले की बहुतेक ठिकाणी जंगल गेले ते शेती, बांधकाम आणि व्यापारी तोडीपायी. वाळक्या काटक्या वेचल्याने झाड मरत नाही. हिरवी फांदी वारंवार छाटल्याने आणि वणव्याने मात्र रान खुरटते. शीळ परिसरातील दगडखाणींनी डोंगराचे जे केले, ते तर कोणत्याही कोयत्याला जमणारे नव्हते.

शहराचा वाटा येथेच उघड होतो. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या व्रतांसंदर्भात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांतील पहिले अंगारकर्म, म्हणजे कोळसा पाडण्यासारखे अग्नीचे व्यवसाय, आणि दुसरे वनकर्म. रानात मातीच्या भट्टीत एक किलो कोळसा पाडावयाचा तर पाच किलो किंवा त्याहूनही अधिक लाकूड जाते. तो कोळसा पिढ्यान्‌पिढ्या शहरांतील इस्त्रीत आणि तंदूरमध्ये जळत आला आहे. भट्टी श्रावकाची नाही, हे खरे. पण कडक इस्त्रीचा सदरा त्याचा आहे. करणे, करविणे आणि अनुमोदणे हा भेद ज्यांना बाळपणापासून शिकविला जातो, त्यांनी हा हिशेब टाळणे कठीण.

उपाय मात्र उत्साहाने वाटून टाकण्याजोगे नाहीत. सरकारने 1983 मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि 2002 मध्ये तो थांबला. पुष्कळ चुली दुरुस्तीअभावी पडून राहिल्या. स्वयंपाक करणारीला भांडे केवढे, भाकरी कशी, हे आधी विचारलेच गेले नव्हते. रोपवाटपाच्या समारंभांचेही काहीसे असेच होते. पहिल्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हे छायाचित्रात दिसत नाही.

त्यापेक्षा अनुकंपादानातून निवडक वाड्यांना सिलिंडर भरण्याचे पैसे आषाढ ते आश्विन या महिन्यांत देणे अधिक उपयोगी पडेल. त्या दिवसांत लाकूड ओले असते, धूर सर्वाधिक होतो, रानात वाळकी काटकी मिळत नाही म्हणून कोयता हिरव्या फांदीकडे वळतो. शिवाय भातलावणी आटोपली की मजुरीही आटते. हाच काळ चातुर्मासाचा आहे आणि त्यात उपाश्रयात दानाच्या नोंदी होतच असतात.