ओढ्याचा काठ उघडा ठेवू नका

(प्रभाग संघाच्या वार्षिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण)



आधी माझी चूक सांगते. आमचं रान ओढ्याला लागून आहे. काठावर करंज, निरगुडी, शिंदीची झाडी होती. आम्ही नवरा-बायकोनं ती तोडली. सरपण झालं, वर दोन सऱ्या जास्त निघाल्या. बरं वाटलं. तिसऱ्या पावसाळ्यात पुरानं काठ खचला आणि दोनाच्या बदल्यात चार सऱ्या ओढ्यात गेल्या.

माती गेलेली लगेच दिसली. बाकीचं हळूहळू कळलं. शिंदीवर सुगरणीची घरटी लोंबायची, ती गेली. खंड्या उभ्या काठात बीळ करून अंडी घालतो. काठच ढासळला तर त्यानं जायचं कुठं? पाण्यावरची सावली गेली, उन्हाळ्यात डोह तापायला लागला. पालापाचोळा पाण्यात पडला की त्यावर किडे जगतात, किड्यांवर मासे. झाड काठावर असतं, पण पोट पाण्यातल्या जिवांचं भरतं.

त्यात आपलाही फायदा आहे. सुगरण ज्वारीचे दाणे खाते, खरं आहे. पण पिलांना ती किडे भरवते. चतुराची पिलं पाण्यात डासांच्या अळ्या खातात. करंज फुलला की मधमाश्या येतात, आणि त्याच माश्या आपल्या भोपळ्या-काकडीवर बसतात, तेव्हा फळ धरतं.

आता लावायचं कसं? पाण्याजवळ वाळा आणि वाळुंज. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात, माती धरून ठेवतात. त्याच्यावर निरगुडी, शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. सगळ्यात वर करंज, जांभूळ, उंबर. वाळ्याचे ठोंब फोडून लावा. वाळुंज, निरगुडीच्या फांद्या पावसात रोवल्या की फुटतात. जांभळाचं बी ताजं असतानाच पेरा, वाळलं की उगवत नाही. घाणेरी आणि बेशरम मात्र वाढू देऊ नका. ती बाकी कशाला जागाच देत नाहीत.

काही मावश्या म्हणतील, झाडी वाढली की साप आणि रानडुकरं येतील. भीती खोटी नाही. डुकराला लपायला दाट झाळी लागते, म्हणून घाणेरी काढायचीच. धुण्याची जागा आणि पायवाट मोकळी ठेवायची. आणि धामण, मुंगूस, पिंगळा हे उंदीर खातात, हेही ध्यानात ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. माझ्या एकटीच्या रानाला पट्टा केला, पण वरच्या आणि खालच्या रानाचा काठ उघडा राहिला, तर मुंगूस किंवा साळिंदर आडोशानं पुढं जाणार कसं? पट्टा सलग पाहिजे. एका घराला ते जमत नाही, गटांना जमतं. ओढ्याकडेला ज्यांचं रान आहे त्या बायका आपल्याच गटांत आहेत. प्रत्येकीनं दहा हात सोडले, काठाचं गवत पेटवलं नाही, फवारणीचा पंप ओढ्यात धुतला नाही, तरी मोठं काम होईल.

जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याप्रमाणं ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते. आपल्या गावची समिती कागदावर आहे की कामाची, ते ग्रामसभेत विचारा. ओढ्याकाठची झाडं-पाखरं आपल्याइतकी कुणाला माहीत आहेत? ती गावाच्या नोंदवहीत आपणच सांगून लिहून घ्यायची. काठावरच्या लागवडीची मागणी रोजगार हमीतून करा, म्हणजे रोपाबरोबर मजुरीही मिळेल.

मी पुन्हा लावलेल्या निरगुडीला आता फुलं येतात. शिंदी अजून लहान आहे. सुगरण परत आलेली नाही, वाट बघतेय. पण यंदाच्या पुरात काठ हलला नाही.

पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एकच प्रश्न घ्या: आपल्या ओढ्याचा काठ कुठं कुठं उघडा आहे?