घोडा कुणाचा?



विज्ञानसाहित्याच्या संमेलनात अध्यक्षानं आधी विज्ञानकथेचा इतिहास सांगायचा, मग तिच्या उपेक्षेबद्दल खंत व्यक्त करायची आणि शेवटी तिच्या उज्ज्वल भवितव्याची ग्वाही द्यायची, असा रिवाज आहे. आज त्याला फाटा देतो. मला एकाच माणसाबद्दल बोलायचं आहे. हा माणूस पैसे घेऊन जोखमीची कामं करतो. तो कुणाच्या नोकरीत नाही, कुणाच्या टोळीतही नाही. पण एकदा काम पत्करलं की जीव गेला तरी शब्द फिरवत नाही. सायबरपंक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कथाप्रकारात गेली चाळीसेक वर्षं तो हिंडतो आहे. कादंबरीतून चित्रपटात गेला, कॉमिक्समध्ये गेला, व्हिडिओ गेममध्ये तर त्यानं ठाणच मांडलं. आता मराठी तरुणांच्या कथांतही तो दिसू लागला आहे. पाऊस कोसळतो आहे, निऑनच्या पाट्या लुकलुकताहेत आणि हा गुडघ्यापर्यंत लांब चामडी कोट घालून दादरला उभा आहे. जुलै महिन्यात, दादरला, चामडी कोट!

कोट कुठून आला ते सांगता येतं. त्याचं घराणं जुनं आहे. रेमंड चँडलरची ‘द बिग स्लीप’ 1939 साली आली. तिचा नायक फिलिप मार्लो हा खाजगी गुप्तहेर. दिवसाला पंचवीस डॉलर आणि वरचा खर्च, हा त्याचा दर. कादंबरीच्या सुरुवातीला तो एका धनाढ्य जनरलच्या बंगल्यात शिरतो आणि दारावरच्या रंगीत काचेतलं चित्र बघत उभा राहतो. चित्रात एक सरदार बांधलेल्या स्त्रीला सोडवायची खटपट करतो आहे आणि त्याला काही ते जमत नाहीये. चँडलरनं आपल्या नायकाची कुंडली तिथेच मांडून ठेवली. पुढे काम मनासारखं झालं नाही म्हणून मार्लो घेतलेले पैसे परत करायला निघतो. 1944 सालच्या एका प्रसिद्ध निबंधात चँडलरनं हेच सिद्धान्त म्हणून मांडलं. रस्ते कितीही बरबटलेले असोत, त्यावरून चालणारा हा माणूस स्वतः बरबटलेला असता कामा नये, असं त्याचं म्हणणं.

दुसरी शाखा जपानची. कुरोसावाच्या ‘योजिंबो’ या चित्रपटात (1961) धनी नसलेला एक सामुराई दोन टोळ्यांच्या गावात येतो आणि आपली तलवार दोघांनाही विकतो. पण मिळालेले पैसे मात्र एका नाडलेल्या कुटुंबाच्या हातात ठेवून मोकळा होतो. सर्जिओ लिओनेनं हीच गोष्ट 1964 साली विचारल्याशिवाय उचलली, तिला काऊबॉयची टोपी घातली आणि नंतर त्याची भरपाईही मोजली. इमानदार माणसाची गोष्ट अशी चोरून नेली गेली, याची मला नेहमी गंमत वाटते.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. हे नायक खाल्ल्या मिठाला जागत नाहीत. मिठाला जागतो तो नोकर. धनी चूक असो की बरोबर, तो धन्याचा. आपला माणूस धन्याचा नाही, व्यवहाराचा आहे. ठरलं ते करीन, ठरलं नाही ते करणार नाही, आणि ठरवताना तू खोटं बोलला असशील तर तुझा-माझा हिशेब वेगळा. चँडलरच्या लॉस एंजेलिसमध्ये निदान न्यायालयं होती, वर्तमानपत्रं होती. सायबरपंकच्या जगात सरकारं पोकळ झालेली असतात, पोलीस कंपन्यांचे असतात, करार मोडला तर दाद मागायला जागाच नसते. अशा बाजारात ज्याचा शब्द खरा त्यालाच पुढचं काम मिळतं. म्हणजे इथे इमान हा केवळ सद्गुण नाही, धंद्याचं भांडवलही आहे. ही मेख विसरून जे लिहितात, त्यांचा नायक नुसता बाणेदार होतो.

आता विल्यम गिब्सनकडे येतो. ‘सायबरपंक’ हे नाव त्यानं दिलेलं नाही. ते ब्रूस बेथकीच्या 1983 सालच्या एका कथेचं शीर्षक. पण घर बांधलं ते गिब्सननं. 1981 साली ‘ऑम्नी’ मासिकात त्याची ‘जॉनी नेमोनिक’ ही कथा आली. जॉनी डोक्यात दुसऱ्यांची माहिती साठवून पोचवतो. ती त्याची त्यालाच वाचता येत नाही. किती माहिती? शेकडो मेगाबाइट! हसू नका, 1981 साली तो आकडा छाती दडपणारा होता. त्या कथेत जॉनीला वाचवायला जी बाई पुढे येते ती मॉली. 1984 साली आलेल्या ‘न्यूरोमॅन्सर’मध्ये ती पुन्हा भेटते. ह्युगो, नेब्युला आणि फिलिप के. डिक हे तिन्ही पुरस्कार त्या एका कादंबरीला मिळाले आणि गिब्सननं ती साध्या टाइपरायटरवर लिहिली होती.

मॉलीपाशी थोडं थांबू या. तिच्या नखांखाली दहा दुधारी पाती बसवलेली आहेत. डोळ्यांच्या खोबण्यांवर आरशासारखी भिंगं कायमची जडवलेली आहेत. भिंगं अशी जडवली तर रडायचं कसं? गिब्सननं याचा विचार केला आहे. तिच्या अश्रूंच्या नलिका वळवून तोंडात सोडल्या आहेत. तिला रडू आलं की ती थुंकते. शंभर पानं तत्त्वज्ञान लिहून जे साधलं नसतं ते या एका शस्त्रक्रियेत साधलं आहे. आणि या सगळ्याचे पैसे कुठून आले? ते ती कादंबरीचा नायक केस याला एका रात्री सांगते. तिनं एका वेश्यागृहात देह भाड्यानं दिला होता. मेंदूतल्या एका यंत्रणेमुळे त्या वेळेपुरती तिची शुद्ध हरपायची. काम व्हायचं, आठवण राहायची नाही. ती पैसे कशासाठी जमवते आहे याचा चालकांना सुगावा लागला तेव्हा त्यांनी त्याच देहाला अधिक भयंकर गिऱ्हाइकं आणायला सुरुवात केली. एकदा ती मधेच शुद्धीवर आली. पुढचं तुम्ही वाचा.

जोआना रसच्या 1975 सालच्या ‘द फीमेल मॅन’मधली जेल ही नखांची मारेकरीण मॉलीची थोरली बहीण आहे, हे सायबरपंकच्या चाहत्यांनी बराच काळ मोकळेपणानं कबूल केलं नाही. मॉली ही पुरुषी स्वप्नरंजनातली बाई आहे असाही आक्षेप आहे आणि तो सगळाच खोटा नाही. पण पात्यांची पावती गिब्सननं वाचकाला दाखवली, हे मला त्या आक्षेपापेक्षा मोठं वाटतं.

पावतीचा विषय निघालाच आहे तर आपल्या इतिहासातली एक जुनी व्यवस्था आठवू या. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यारं सरकारातून मिळत. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. शिलेदाराचा घोडा पडला तर त्याची रोजीच पडली. पण तोवर त्याची मान ताठ असे, कारण जनावर त्याचं होतं. सायबरपंकमधला भाडोत्री लढवय्या म्हणून जो मिरवतो तो स्वतःला शिलेदार समजतो. मात्र या कथांत घोडा म्हणजे त्याचं शरीरच असतं. तेव्हा प्रत्येक नायकाला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: बाबा रे, घोडा कुणाचा?

‘न्यूरोमॅन्सर’चा केस घ्या. मालकांची चोरी केली म्हणून त्यांनी विष घालून त्याची मज्जासंस्था जायबंदी केली. चोरलेले पैसे मात्र त्याच्याकडेच राहू दिले, उपचारांना लागतील म्हणून. नवा मालक आर्मिटाज त्याला बरा करतो. पण बरा करतानाच त्याच विषाच्या सावकाश विरघळणाऱ्या पिशव्या रक्तवाहिन्यांत चिकटवून ठेवतो. काम वेळेत झालं तर उतारा, नाही तर पुन्हा लुळेपण. शिवाय यकृत आणि स्वादुपिंड असं बदलून टाकतो की नेहमीची नशा चढू नये. सरकारी पागेतला घोडा यापेक्षा मोकळा असेल. कादंबरीच्या शेवटी केसला भरभक्कम मोबदला मिळतो, तेव्हा तो त्यातला मोठा हिस्सा खर्च करतो नव्या स्वादुपिंडावर आणि यकृतावर. नशा करता यावी म्हणून! हा शेवट उदात्त नाही, पण त्या जगात स्वातंत्र्याची खरेदी अशीच होणार. आपलं जनावर त्यानं सोडवून आणलं, मग त्याला दारू पाजायची की चंदी घालायची ते तो ठरवील.

रिचर्ड मॉर्गन ‘ऑल्टर्ड कार्बन’मध्ये (2002) याच्या पुढे जातो. तिथे माणसाची जाणीव मानेतल्या एका उपकरणात साठवलेली असते, शरीरं बदलता येतात. ताकेशी कोवाक्सला एक गर्भश्रीमंत माणूस सहा आठवड्यांच्या करारावर जागा करतो आणि त्याला एका तुरुंगवासी पोलिसाच्या शरीरात घालतो. त्या पोलिसाला सिगारेटचं व्यसन. आता तलफ येते ती कोवाक्सला. दुसऱ्याच्या फुप्फुसांनी खोकत, दुसऱ्याच्या बोटांनी लायटर चाचपत हा माणूस आपला शब्द पाळतो आहे. पूर्ण बारगीर, आणि तरीही इमान त्याचं स्वतःचं. या कथाप्रकारातली ही मला सर्वांत कडेलोटाची जागा वाटते.

माइक पाँडस्मिथनं 1988 साली ‘सायबरपंक’ हा टेबलावर फासे टाकून खेळायचा खेळ आणला. ‘सायबरपंक 2077’ हा व्हिडिओ गेम त्यातूनच निघाला. पाँडस्मिथनं या व्यवहाराला गणिताचं रूप दिलं. अंगात जितकी यंत्रं बसवाल तितकी माणुसकीची शिल्लक घटते आणि ती शून्यावर आली की ते पात्र तुमच्या हातातून काढून घेतलं जातं. गणित ढोबळ आहे. यंत्र बसवलं म्हणून माणुसकी जाते हे मला मान्य नाही. कृत्रिम पाय लावलेल्या माणसाला जाऊन विचारा. माणुसकी जाते ती यंत्राचे हप्ते भरताना.

नील स्टीफन्सननं ‘स्नो क्रॅश’मध्ये (1992) या सगळ्याची टर उडवली. त्याचा नायक हिरो प्रोटॅगनिस्ट अव्वल तलवारबाज, अव्वल हॅकर, आणि पोटासाठी माफियाच्या पिझ्झा कंपनीचा डिलिव्हरीवाला. तीस मिनिटांत पिझ्झा पोचला नाही तर त्याची खैर नाही. गाडी कंपनीची, पोशाख कंपनीचा, तलवार तेवढी स्वतःची. तेव्हा हा विनोद होता. नीती आयोगाच्या 2022 सालच्या अहवालात 2020-21 साली भारतात सुमारे 77 लाख माणसं अशी ॲपवरची किंवा सुटी कामं करत असल्याचा अंदाज दिला आहे. यातल्या डिलिव्हरीवाल्यांची मोटारसायकल बहुधा स्वतःची, म्हणजे हप्त्यावरची, पेट्रोल स्वतःचं, पडला तर हाडही स्वतःचं. पण काम देणारं खातं कंपनीचं, आणि ते एका रात्रीत बंद होऊ शकतं. त्याला शिलेदार म्हणायचं की बारगीर? मराठीत सायबरपंक लिहायचं तर हा गुंता सोडवायला घ्या. त्यासाठी 2080 साल लागत नाही आणि चामडी कोट तर मुळीच लागत नाही.

माझा सर्वांत आवडता भाडोत्री मी शेवटी ठेवला आहे. गिब्सनच्या ‘काउंट झीरो’मधला (1986) टर्नर. कंपन्यांचे शास्त्रज्ञ पळवून दुसऱ्या कंपन्यांकडे पोचवणं हा त्याचा पेशा. कादंबरी सुरू होते ती दिल्लीच्या चांदणी चौकात. माग काढत आलेला एक स्फोटक यांत्रिक कुत्रा सायकलरिक्षांच्या चाकांमधून धावत त्याच्या भाड्याच्या गाडीवर झेप घेतो आणि टर्नरच्या चिंधड्या उडतात. करार उत्तम असल्यामुळे उरलेला टर्नर तासाभरात सिंगापूरला पोचतो. त्याला पुन्हा जोडायला तीन महिने लागतात. कातडी वाढवलेली, डोळे खुल्या बाजारातून विकत घेतलेले. यापेक्षा जास्त बारगीर माणूस दाखवणं अवघड आहे.

आणि हाच माणूस पुढे करार मोडतो. ज्या शास्त्रज्ञाला आणायचं ठरलं होतं तो येतच नाही. त्यानं पाठवलेली त्याची मुलगी अँजी येते. तिच्या डोक्यात बापानं काहीतरी पेरून ठेवलं आहे आणि त्यासाठी तिला कुणीही कापून पाहील. हिशेबानं टर्नरनं तिला गिऱ्हाइकाच्या हवाली करायला हवं. तो तिला घेऊन पळतो. मघाशी मी म्हटलं की इमान हे या धंद्यातलं भांडवल असतं. टर्नर ते भांडवलच बुडवतो. यानंतर त्याला काम कोण देणार? पण चँडलरच्या दारावरच्या त्या सरदाराला जे जमत नव्हतं ते इथे होतं, आणि ते होतं करार मोडल्यामुळे.

गिब्सन त्याला अखेरीस भावाच्या जुन्या घराकडे, रानात, एका लहान मुलाचा बाप म्हणून ठेवतो. पुष्कळ चाहत्यांना हा शेवट गुळमुळीत वाटतो. भाडोत्री योद्ध्यानं रानात संसार करावा हे त्यांना रुचत नाही. ‘मोना लिसा ओव्हरड्राइव्ह’ या पुढच्या कादंबरीत अँजी परत येते, नाव बदलून मॉलीही येते. टर्नर येत नाही. मला ते योग्य वाटतं. ज्यांना वाटत नाही, त्यांच्याशी दुपारच्या सत्रात कडाडून भांडायला मी तयार आहे.