औषधांच्या पिढ्या

घराण्यातील पिढ्या जन्मक्रमाने मोजल्या जातात. नातू आजोबांहून वयाने लहान असतो. पण तो गुणांनी थोर असेलच असे नाही. विषण्णतेवरील औषधांच्या पिढ्यांविषयी बोलताना हेच ध्यानात ठेवावयास हवे.

पहिली पिढी योगायोगाने जन्मली. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले असता त्यांची वृत्ती उल्हसित झाल्याचे आढळले. १९५७ मध्ये नेथन क्लाइन यांनी विषण्णतेवरील त्याच्या उपयोगाचे निष्कर्ष मांडले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ रोलांड कून यांनी इमिप्रामीनचा गुण प्रसिद्ध केला. छिन्नमनस्कतेवर निरुपयोगी ठरलेले हे औषध विषण्णतेवर गुणकारी ठरले. रेणूतील तीन वलयांमुळे त्याच्या वर्गास 'त्रिवलयी' असे नाव पडले.

मेंदूतील एक पेशी दुसरीस रासायनिक द्रव्यांद्वारे संदेश धाडते. इप्रोनियाझिड या द्रव्यांचा नाश रोखते, तर इमिप्रामीन त्यांचे पुनःशोषण रोखते. परंतु पहिल्या प्रकारच्या औषधांसमवेत मुरवलेले चीज खाल्ल्यास रक्तदाब धोकादायक पातळीवर चढू शकतो. त्रिवलयी औषधांनी तोंडास कोरड पडते, बद्धकोष्ठ होतो आणि अतिमात्रेने हृदयक्रिया बिघडून मृत्यूही ओढवतो. ज्या व्याधीत जीवच नकोसा होतो, तिच्यावरील औषध असे घातक असावे, ही मोठीच चिंतेची बाब होती.

पुढील पिढीचा शोध मुख्यतः या चिंतेतून झाला. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेले फ्लुओक्सेटीन प्रामुख्याने सेरोटोनिन या एकाच द्रव्याचे पुनःशोषण रोखते. अतिमात्रेतही ते तुलनेने कमी घातक असते. काही अभ्यासक त्यास दुसऱ्या पिढीत बसवतात. तर काही ते स्थान मियान्सेरिनसारख्या आधीच्या औषधांना देऊन फ्लुओक्सेटीनला तिसरीत गणतात. पिढ्यांच्या सीमा अशा सैल आहेत.

नवे औषध अधिक प्रभावी असते काय? २०१८ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात प्रौढ रुग्णांवरील ५२२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील सर्व २१ औषधे औषधविरहित गोळीहून सरस ठरली. परिणामकारकतेत मात्र जुने त्रिवलयी अ‍ॅमिट्रिप्टिलीनच अग्रभागी होते. तात्पर्य, नव्या पिढीची खरी देणगी सुसह्यता आणि सुरक्षितता ही होय.

म्हणून औषध जुने की नवे, यापेक्षा ते कोणत्या रुग्णास मानवेल, हा प्रश्न महत्त्वाचा. गुण येण्यास बहुधा काही आठवडे लागतात. तोवर धीर धरावा आणि वैद्यकीय सल्ल्यावाचून औषध थांबवू नये, हे पथ्य मात्र सर्व पिढ्यांना सारखेच लागू आहे.